गुडघ्यापर्यंत

महाद्वार रोडवर आमचं भांड्यांचं दुकान,
दुकानावर माडी, माडीवर आणखी एक मजला,
आणि त्याच्यावर अप्पांनी ब्याण्णव साली चढवलेली
हजार लिटरची काळी टाकी.
परवानगीचा कागद अजून ट्रंकेत आहे, शिक्क्यासकट.
त्या कागदावर सूर्याचं नाव कुठंच नव्हतं.

गेल्या किरणोत्सवात कॉलेजची दोन पोरं आली.
तिपाईवर दुर्बीण, मांडीवर वही.
गच्चीचा कोन मोजून म्हणाली,
काका, तुमची टाकी पाच मिनिटं ऊन खाते.
अप्पांनी त्यांना चहा पाजला.
मग दिवसभर गिऱ्हाईकाला
भावाशिवाय काही सांगितलं नाही.

परवा शौकत मेस्त्रीनं टाकी काढली.
जिन्यातनं मावेना,
म्हणून दोर लावून रस्त्याच्या अंगानं सोडली.
खाली रिक्षा थांबल्या, ओटीवाल्या बायका थांबल्या.
"नवी बसवताय का मिठारी?"
"न्हाई. हीच खाली घेतोय."

आज अकरा तारीख.
चार वाजताच मला घेऊन निघाले.
आधी बाहेरनं फिरलो, भिंतीच्या कडेकडेनं.
एकसष्ट वर्षं समोर राहून
अप्पांना देवळापेक्षा गर्दीच जास्त पाठ.
दगडातली एक बाई आरशात बघतेय,
एकीचा हात कोपरापासून गेलाय
तरी कंबर तालातच आहे.
अप्पांनी बोटाच्या पेरानं दगड वाजवला,
पितळेची घागर वाजवून घेतात तसा,
आणि कान लावला.
"जोड बघ. डब्याला झाकण बसावं तसा बसलाय."
कुणी शिलाहारांचं म्हणतं, कुणी त्याच्याही आधीचं.
"हिशोबाची वही कुणाला घावली न्हाई," अप्पा म्हणाले,
"पण मालात खोट न्हाई."

मी त्या माणसाचा विचार करत होते
ज्यानं पश्चिमेचं ऊन
एवढ्या आत, एवढ्या अंधारात नेऊन ठेवलं.
त्याच्याकडं दोरी असेल, ओळंबा असेल,
आणि चुकलं तर पुढच्या वर्षापर्यंत
थांबायची तयारी.
समोर उद्या कोण काय बांधेल
हे तेवढं त्यानं मोजलं नसावं.

साडेपाचला आतले दिवे मालवले.
"आई, लाईट गेली," एक पोरगं ओरडलं,
आणि त्याच्यानंतर कुणीच बोललं नाही.
ऊन गरुड मंडपाच्या लाकडी खांबांमधनं आलं,
कासव चौकात जरा रेंगाळलं,
पितळी उंबरा, मग चांदीचा.
अप्पांनी माझं मनगट धरलं होतं.
मला वाटतं, त्यांना ते कळलंही नसेल.
पावलं उजळली.
साडीचा काठ उजळला.
चढत चढत गुडघ्याला आलं,
तिथं विटलं
आणि गेलं.

ढग नव्हते.
रंकाळ्याकडची धूळ असेल,
नाहीतर आणखी कुणाचा मजला.

बाहेर वहीवाला पोरगा भेटला.
"गेल्या वर्षी पावलांवरच थांबलं होतं काका.
पण तुमच्या टाकीमुळंच, असं नाही सांगता येणार.
हवा पण धरावी लागते."
अप्पांनी मान हलवली,
उधारी मान्य करताना हलवतात तशी.
"नका सांगू. आमच्या वाट्याची सावली तेवढी उचलली."

घरी आई जिन्यात उभी.
तिसऱ्या मजल्यावर दोन दिवस बादल्या चढवून
तिचा खांदा भरून आला होता.
"पडलं का ऊन अंबाबाईला?"
"गुडघ्यापर्यंत."
तिनं स्वतःचा गुडघा चोळला,
कळशी उचलून माझ्या हातात दिली.
"उद्या पाणी पहाटे साडेचारला येणार.
एक खेप तू मार."